वक्ररेषेचे गणित आणि मराठवाड्याची कारागिरी

मोटारसायकलची पेट्रोलची टाकी, पैठणीच्या पदरावरील मोर, बीबी का मकबऱ्याचा घुमट आणि या पानावर छापलेले देवनागरी अक्षर या चार गोष्टींत वरवर पाहता काहीच साम्य दिसत नाही. एक कारखान्यात तयार होते, दुसरी मागावर, तिसरी गवंड्याच्या हातून उभी राहिली आणि चौथी संगणकाच्या पडद्यावर आकारास येते. तथापि या चारहींचे सौंदर्य वक्ररेषेत आहे, आणि आज या चारहींची वक्ररेषा एकाच प्रकारच्या गणिताने मांडता येते. गेल्या सहा-सात दशकांत विकसित झालेल्या या गणिताने यंत्रनिर्मिती, स्थापत्य, वस्त्रकला व अक्षरकला यांच्यातील भिंती पुष्कळशा दूर केल्या आहेत. वेरूळ, पैठण व वाळूज ही तिन्ही ठिकाणे ज्या एका जिल्ह्यात आहेत, त्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या दृष्टीने हा विषय केवळ पुस्तकी नव्हे. येथील कारागिरांच्या व तंत्रज्ञांच्या उपजीविकेशी त्याचा थेट संबंध आहे.

बाकाचे दोन प्रकार

वेरूळच्या दहाव्या क्रमांकाच्या लेण्याला विश्वकर्मा लेणे म्हणतात. 'सुतार का झोपडा' हे त्याचे लोकप्रचलित नाव. या चैत्यगृहाचे छत अर्धगोल पिंपाप्रमाणे कमानदार असून, लाकडी वाशांची आठवण करून देणाऱ्या फासळ्या अखंड पाषाणात कोरलेल्या आहेत. या छताचा मुख्य भाग एकाच दिशेने वाकलेला आहे. आडवे पाहिले तर कमान दिसते, लांबीच्या दिशेने पाहिले तर सरळ रेषा दिसते. याउलट सतराव्या शतकात उभारलेल्या बीबी का मकबऱ्याचा घुमट कोणत्याही दिशेने पाहिला तरी वाकलेलाच दिसतो.

हा भेद नीट समजावा म्हणून एक सोपा प्रयोग करता येतो. वर्तमानपत्राचा कागद डब्याभोवती गुंडाळल्यास तो सुरकुती न पडता बसतो. तोच कागद नारळाभोवती गुंडाळू लागल्यास जागोजाग चुण्या पडतात किंवा कागद फाटतो. जर्मन गणितज्ञ कार्ल फ्रीडरिश गाऊस यांनी १८२७ मध्ये या अनुभवामागील नियम सिद्ध केला. सपाट पृष्ठ न ताणता व न फाडता एका दिशेने वाकविता येते. परंतु दोन्ही दिशांनी वाकलेले गोलाकार पृष्ठ त्यापासून तयार करता येत नाही, असा त्याचा व्यवहारातील अर्थ आहे.

हाच नियम पत्र्यालाही लागू पडतो. पाण्याची साधी गोल टाकी पत्रा वळवून व सांधून तयार होते. मोटारसायकलची टाकी तशी होत नाही. ती दोन्ही दिशांनी वाकलेली असल्यामुळे पत्रा प्रेसखाली, साच्यात दाबून, ताणावाच लागतो. ताण फार झाला तर पत्रा फाटतो, कमी पडला तर सुरकुत्या येतात. दाब सुटल्यावर पत्रा किंचित मागे येतो, त्याचाही हिशेब साच्यात आधीच धरावा लागतो. म्हणजे आकार नेमका किती वाकलेला आहे हे अंकांत ठाऊक असल्याखेरीज चांगला साचा बनविता येत नाही. वक्ररेषेच्या गणिताची गरज निर्माण झाली ती येथेच.

लवचीक पट्टीपासून समीकरणापर्यंत

जहाजबांधणीच्या पारंपरिक कामात मोठ्या वक्ररेषा काढण्यासाठी लाकडाची लांब, पातळ पट्टी वापरीत. ठरलेल्या बिंदूंवरून ती जावी म्हणून तिच्यावर शिशाची वजने ठेवीत. पट्टी आपल्या स्वभावधर्माने कमीत कमी ताण पडेल असा बाक घेई, आणि म्हणून तिच्या कडेने काढलेली रेषा डोळ्यांना सुखद वाटे. या पट्टीला इंग्रजीत 'स्प्लाइन' म्हणत. आयझॅक शोनबर्ग यांनी १९४६ मध्ये अशा रेषांचे गणित मांडले, तेव्हा त्यांनी हेच नाव स्वीकारले.

मोटार उद्योगापुढची अडचण अधिक बिकट होती. कलावंत मातीची प्रतिकृती घडवी, तिच्यावरून आराखडे काढले जात, आराखड्यांवरून फर्मे आणि फर्म्यांवरून साचे तयार होत. प्रत्येक टप्प्यावर थोडी चूक शिरे. अखेरीस मूळ आकार कोणता, याचेच निश्चित उत्तर कोणापाशी नसे. फ्रान्समधील सित्रोएन कंपनीत पॉल द कास्तेल्जो यांनी १९५९ मध्ये या प्रश्नाचे उत्तर शोधले. परंतु कंपनीने ते गुप्त ठेवले. पुढे १९६० च्या दशकात रेनॉ कंपनीतील अभियंते पिएर बेझिए हे स्वतंत्रपणे त्याच ठिकाणी पोहोचले व त्यांनी आपले काम प्रसिद्ध केले. त्यामुळे या रेषांना 'बेझिए वक्र' हे नाव मिळाले. त्यांच्या मुळाशी असलेली बहुपदे मात्र सेर्गेई बर्नस्टाइन यांनी १९१२ मध्येच, अगदी निराळ्या हेतूने, मांडून ठेवली होती. शुद्ध गणित पन्नास वर्षांनी कारखान्याच्या कामी आले, त्याचे हे एक चांगले उदाहरण होय.

चार बिंदूंची किमया

द कास्तेल्जो यांची रीत इतकी सरळ आहे की माध्यमिक शाळेतील विद्यार्थीही ती आलेख-कागदावर करून पाहू शकेल. त्यासाठी चार बिंदू घ्यावेत: पहिला (०, ०), दुसरा (०, ४), तिसरा (८, ४) आणि चौथा (८, ०). ते क्रमाने जोडल्यास दरवाजाच्या चौकटीसारखी तीन रेषांची आकृती मिळते.

आता प्रत्येक रेषेचा मध्य काढावा. ते तीन मध्य (०, २), (४, ४) आणि (८, २) येतात. हे तीन बिंदू जोडून मिळणाऱ्या दोन रेषांचे मध्य (२, ३) आणि (६, ३). या दोहोंना जोडणाऱ्या रेषेचा मध्य (४, ३). हा शेवटचा बिंदू वक्ररेषेवर आहे. मध्याऐवजी प्रत्येक वेळी एक-चतुर्थांश अंतरावरील बिंदू घेतल्यास अखेरीस (१.२५, २.२५) हा बिंदू मिळतो, तीन-चतुर्थांश घेतल्यास (६.७५, २.२५). असे बिंदू काढून जोडीत गेल्यास चौकटीच्या आत एक डौलदार कमान उभी राहते. या कृतीत भूमितीचे अवघड प्रमेय नाही, वर्गमूळ नाही. फक्त पुनःपुन्हा सरासरी काढावयाची आहे. संगणकाला हे काम अत्यंत सोपे जाते.

या रीतीचे काही गुण ध्यानात ठेवण्यासारखे आहेत. वक्र पहिल्या व शेवटच्या बिंदूतून जातो. मधले दोन बिंदू मात्र त्याला लोहचुंबकाप्रमाणे आपल्याकडे ओढतात. आरंभी त्याची दिशा पहिल्या रेषेची असते व शेवटी अखेरच्या रेषेची. एक बिंदू सरकविला की आकार सौम्यपणे बदलतो, आणि वक्र या चार बिंदूंच्या वेढ्याबाहेर कधीच जात नाही. समीकरण न जाणणाऱ्या कलावंतालाही म्हणूनच हे साधन हाताळता येते. कलावंत बिंदू सरकवितो, संगणक समीकरण सांभाळतो आणि यंत्र त्या समीकरणावरून धातू कापते. तिघांची भाषा एक झाली, हे या शोधाचे खरे मोल होय.

मर्यादाही सांगितली पाहिजे. या साध्या बहुपदी वक्राने अचूक वर्तुळ काढता येत नाही. चार बिंदूंच्या वक्राने पाव वर्तुळ काढल्यास त्रिज्येत सुमारे ०.०२७ टक्के फरक राहतो. पडद्यावर तो दिसणार नाही. परंतु १०० मिलिमीटर त्रिज्येच्या यंत्रभागात तो ०.०२७ मिलिमीटर होतो, आणि सूक्ष्म कामात इतकी चूकही चालत नाही. यावर उपाय म्हणून प्रत्येक बिंदूला कमीअधिक 'भार' देण्याची पद्धत आली. तिच्यात वर्तुळ, लंबवर्तुळ हे आकार अगदी अचूक उतरतात. केन व्हर्स्प्रिल यांनी १९७५ मध्ये सिरॅक्यूज विद्यापीठातील आपल्या प्रबंधात अशा भारयुक्त स्प्लाइन वक्रांची मांडणी केली. आज अभियांत्रिकी आरेखनाच्या आज्ञावलींमध्ये 'नर्ब्स' या आद्याक्षरी नावाने हीच पद्धत सर्वत्र रूढ आहे.

पृष्ठभाग म्हणजे रेषांचे वस्त्र

रेषेवरून पृष्ठभागाकडे जाताना विणकामाची उपमा अगदी चपखल बसते. ताण्याचे चार वक्र उभे धरावेत. प्रत्येक वक्रावर एकाच प्रमाणात एक एक बिंदू घ्यावा. असे मिळालेले चार बिंदू बाण्याच्या आडव्या वक्राचे नियंत्रण-बिंदू होतात. हे प्रमाण शून्यापासून एकपर्यंत बदलीत गेल्यास आडव्या वक्रांची ओळ सरकत जाऊन एक संपूर्ण पृष्ठभाग विणला जातो. त्यासाठी १६ बिंदू लागतात, आणि प्रत्येक बिंदूची लांबी, रुंदी व उंची धरून अवघे ४८ अंक. टाकीच्या एका बाजूचा बराचसा भाग इतक्या अंकांत सामावू शकतो.

अमेरिकेतील यूटा विद्यापीठात मार्टिन न्यूवेल यांनी १९७५ मध्ये आपल्या घरातील चहादाणीचा आकार अशाच तुकड्यांनी संगणकात उतरविला. पुढे संगणकीय चित्रणाची प्रत्येक नवी रीत पारखण्यासाठी जगभरच्या संशोधकांनी ही चहादाणी वापरली. तिच्यात पोट, तोटी, कान व झाकण असे निरनिराळे बाक एकत्र असल्याने ती उत्तम कसोटी ठरली.

सांध्याची परीक्षा

मोठा आकार एका तुकड्यात बसत नाही. अनेक तुकडे जोडावे लागतात, आणि खरी परीक्षा सांध्यापाशी होते. दोन तुकड्यांच्या कडा नुसत्या भिडल्या तर तेथे कंगोरा राहतो. दोहोंची स्पर्शदिशा जुळविली तर कंगोरा जातो व हाताला गुळगुळीत लागते. तरीही रंग दिलेल्या पत्र्यावर दिव्याच्या लांब नळीचे प्रतिबिंब पाहिले, तर सांध्यावर ते अचानक मोडलेले दिसते. कारण तेथे वक्रता, म्हणजे वळण्याचा वेग, एकदम बदलतो.

रेल्वेमार्गाच्या आखणीत हीच अडचण असते. सरळ मार्गावरून एकदम वर्तुळाकार वळण घेतल्यास गाडीला हिसका बसतो, म्हणून मध्ये हळूहळू वाढत जाणारे वळण ठेवतात. पत्र्यावर हिसका बसतो तो नजरेला. म्हणून मोटार उद्योगात दृश्य भागांच्या सांध्यांवर स्पर्शदिशेबरोबर वक्रताही जुळविण्याची दक्षता घेतात, आणि आरेखन पूर्ण होण्यापूर्वीच पडद्यावर काळे-पांढरे पट्टे टाकून त्यांचे प्रतिबिंब तपासतात. पोलादाचा महागडा ठोकळा कापण्याआधी दोष सापडणे यातच लाभ आहे.

पोलादात उतरणारा वक्र

तत्कालीन औरंगाबादजवळ वाळूज येथे १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला, तेव्हापासून या परिसराचे औद्योगिक रूप पालटले. सुटे भाग पुरविणारे अनेक लहान-मोठे उद्योग त्याच्याभोवती वाढले. २००१ पासून शेंद्रा येथे स्कोडा मोटारींची जुळणी सुरू झाली. चिकलठाणा, वाळूज व शेंद्रा येथील यंत्रशाळांमध्ये वक्ररेषेचे गणित रोजच्या कामाचा भाग बनले आहे. चिकलठाणा औद्योगिक वसाहतीत भारत व जर्मनी यांच्या सहकार्यातून उभी राहिलेली इंडो-जर्मन टूल रूम ही संस्था साचे व हत्यारे बनविण्याचे प्रशिक्षण देते. संगणकावरील आरेखन आणि प्रत्यक्ष यंत्रावरील काम या दोहोंची तेथे सांगड घातली जाते.

साचा कापण्याच्या कामात गणित कसे येते, याचे एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. वक्र पृष्ठ कापण्यासाठी गोल टोकाचे कटर वापरतात. ते शेजारी-शेजारी घासे मारीत जाते आणि दोन घाशांमध्ये बारीक उंचवटा उरतो. या उंचवट्याची उंची, सपाट भागापुरती, दोन घाशांतील अंतराच्या वर्गाला कटरच्या त्रिज्येच्या आठपटीने भागल्यास अंदाजे मिळते. कटरची त्रिज्या ५ मिलिमीटर व अंतर ०.४ मिलिमीटर असेल, तर उंचवटा ०.००४ मिलिमीटर येतो. अंतर निम्मे केले तर तो ०.००१ मिलिमीटर, म्हणजे एक-चतुर्थांश होतो. परंतु यंत्राचा वेळ जवळजवळ दुप्पट लागतो. हाताने घासून गुळगुळीत करण्याची मजुरी वाचवावी की यंत्राचे तास वाचवावेत, हा निर्णय लहान उद्योजकाच्या नफा-तोट्याचा असतो आणि तो या साध्या सूत्रावर घेता येतो.

दुसरी दक्षता अधिक महत्त्वाची. कटरचा मध्य पृष्ठावरून नव्हे, तर त्यापासून त्रिज्येइतक्या अंतरावरून फिरतो. पृष्ठाचा खोलगट बाक कटरच्या त्रिज्येहून लहान असेल तर कटर कोपऱ्यात मावत नाही आणि जेथे कापू नये तेथे पोलाद खरवडते. अशा एका चुकीने कित्येक दिवसांचे काम वाया जाऊ शकते. पृष्ठावरील प्रत्येक ठिकाणची वक्रता आधी मोजून ही चूक टाळता येते. ज्या कामगाराला पडद्यावरील आकड्यांचा अर्थ कळतो, तो यंत्र सुरू होण्यापूर्वीच धोका ओळखतो. ज्याला केवळ बटणे दाबणे शिकविले आहे, त्याला तो ठोकळा बिघडल्यावर दिसतो.

मागावरचा मोर आणि पडद्यावरचा मोर

संगणकाच्या पडद्यावर खरी वक्ररेषा नसतेच. पडदा हा लहान चौकोनी ठिपक्यांचा बनलेला असतो. वक्ररेषेच्या जवळचे ठिपके निवडून ते उजळायचे, एवढेच संगणक करतो. आयबीएम कंपनीतील जॅक ब्रेझनहॅम यांनी १९६२ मध्ये केवळ पूर्णांकांची बेरीज-वजाबाकी करून सरळ रेषेचे असे ठिपके निवडण्याची रीत शोधली आणि ती पुढे वर्तुळालाही लागू झाली.

पैठणचा विणकर हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या सोडवीत आला आहे. ताणा उभा व बाणा आडवा. त्यामुळे तिरपी किंवा गोल रेषा थेट विणताच येत नाही. मोराची मान वळवायची तर प्रत्येक ओळीत रंगीत रेशीम किती धाग्यांनी पुढे किंवा मागे न्यायचे हे मोजावे लागते. प्रत्येक रंगासाठी वेगळी लहान कांडी असते आणि शेजारच्या रंगांचे धागे एकमेकांत अडकवून नक्षी पुढे सरकते. त्यामुळे अस्सल हातमागाच्या पैठणीची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. बांगडी मोर, मुनिया, असावली, कमळ या सर्व आकृत्यांची वळणे पायऱ्या-पायऱ्यांनीच घडलेली असतात, आणि डोळा थोड्या अंतरावरून त्या पायऱ्यांची अखंड रेषा करून घेतो. पडद्याचे तत्त्व हेच आहे.

या साम्याचा व्यवहारात उपयोग होतो. मोराची बाह्यरेषा बेझिए वक्रांनी साठविली की ती मोठ्या पदरासाठी मोठी व लहान काठासाठी लहान करता येते, आणि दर वेळी धाग्यांच्या संख्येनुसार नवा चौकटीचा आलेख काढता येतो. नव्या नक्षीची आखणी लवकर होते व रेशीम वाया जात नाही. तथापि एक गोष्ट विसरता कामा नये. वक्र कितीही सूक्ष्म असला तरी माग धाग्यापेक्षा बारीक पायरी टाकू शकत नाही. चोच किंवा डोळा यांसारख्या चिमुकल्या भागात कोणता धागा घ्यावा व कोणता सोडावा, हे यंत्राच्या हिशेबापेक्षा विणकराची नजर अधिक चांगले ठरविते. आलेखाने विणकराचे मोजणीचे श्रम वाचावेत आणि त्याच्या निवडीचे मोल व मोबदला मात्र वाढावा, अशी व्यवस्था झाली तरच या तंत्राचा खरा उपयोग झाला असे म्हणता येईल.

देवनागरीची वळणे

मुद्रणातील अक्षरांतही हेच गणित आहे. संगणकीय अक्षराची कडा ठिपक्यांनी नव्हे तर वक्रांनी साठवितात. काही पद्धतींत एका तुकड्यासाठी तीन नियंत्रण-बिंदू, तर काहींत चार वापरतात. देवनागरीत शिरोरेषा व काना सरळ असले तरी 'क', 'ळ', 'ह' यांची वळणे बोरूच्या कलत्या टोकाने घडलेली आहेत. जाडी हळूहळू वाढते व हळूहळू उतरते. ती वळणे अंकांत उतरविण्यासाठी अक्षरकलावंत व संगणकतज्ज्ञ दोघांनी एकत्र बसावे लागते. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत अध्यापन केलेले ख्यातनाम सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी असे काम केले. विंडोज प्रणालीबरोबर घरोघरी पोहोचलेला 'मंगल' हा देवनागरी टंक त्यांच्या हातचा आहे. वळणाचा एक बिंदू चुकला तर अक्षर वाचता येते, पण परके वाटते. म्हणूनच या कामात लिपीचे ज्ञान हे गणिताइतकेच आवश्यक ठरते.

नव्या पिढीपुढील वाट

छत्रपती संभाजीनगरात या विषयाच्या शिक्षणाची साधने आहेत. १९५८ मध्ये स्थापन झालेले व आज डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ या नावाने ओळखले जाणारे विद्यापीठ, १९६० पासूनचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, तंत्रनिकेतन, औद्योगिक प्रशिक्षण संस्था व टूल रूम यांची साखळी येथे आहे. आरेखनाच्या महागड्या आज्ञावलींखेरीज 'ब्लेंडर' व 'फ्रीकॅड' यांसारख्या विनामूल्य आज्ञावलीही उपलब्ध असल्याने खेड्यातील विद्यार्थ्यालाही साध्या संगणकावर सुरुवात करता येते. आवश्यकता आहे ती गणिताच्या वर्गात कारखान्याचे व मागाचे उदाहरण येण्याची, आणि कार्यशाळेत सूत्रामागील कारण सांगितले जाण्याची.

दुसऱ्याने पाठविलेल्या आराखड्याप्रमाणे भाग कापून देणे हा एक उद्योग झाला. आपला आकार आपण योजून त्याचा साचा बनविणे हा दुसरा. पहिल्यात मिळते ती मजुरी, दुसऱ्यात मजुरीबरोबर कल्पनेचे मोलही पदरी पडते. या दोहोंमधील अंतर ओलांडण्यास लागणारे गणित फार कठीण नाही. त्याची पहिली पायरी चार बिंदू, एक आलेख-कागद आणि सरासरी काढण्याची सवय इतकीच आहे. ज्या भूमीतील कारागिरांनी कातळात कमान कोरली आणि रेशमात मोर नाचविला, त्या भूमीतील तरुणांना वक्ररेषेची जाण नव्याने देण्याची गरज नाही. त्या जाणिवेला अंकांची जोड मिळाली म्हणजे पुढील वाट ते स्वतः आखतील.